मधली उसंत : हेलसिंकी १९५२ आणि धावण्याच्या सरावाचा इतिहास

टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत आम्ही रोज सकाळी फिरावयास जातो. निवृत्तीनंतर जडलेली ही सवय आता बरीच वर्षे टिकून आहे. त्या वेळी तेथे आसपासच्या खेड्यांतून आलेली दहा-बारा मुले धावत असतात. लष्करभरतीच्या सोळाशे मीटर धावेसाठी त्यांची ही तयारी. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या गावात आहे तेथे हे दृश्य नवलाचे नाही. नवल वाटते ते त्यांच्या सरावाच्या रीतीचे. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सोळाशे मीटर अंतर जीव खाऊन पळायचे, मग गुडघ्यांवर हात टेकून ओणवे राहायचे आणि सायकलीवर टांग टाकून घरी जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिन्याभरात निम्म्या मुलांच्या नडग्या दुखू लागतात आणि उरलेल्यांची वेळ होती तेथेच अडून राहते.

त्यांपैकी एकाला आम्ही एकदा विचारले, ‘अरे, मध्ये थोडा दम का खात नाहीस?’ तो म्हणाला, ‘काका, थांबलं की पाय जड होतात म्हणतात की.’ हे ‘म्हणतात’ कोण, ते त्यालाही ठाऊक नव्हते. आम्हांलाही कॉलेजात असताना हेच सांगण्यात आले होते आणि आम्हीही विद्यापीठाच्या पाच हजार मीटर शर्यतीची निवड दुखऱ्या नडग्यांपायी गमावली होती. म्हणून हा विषय आम्हांला केवळ कुतूहलाचा वाटत नाही. धावणाऱ्याने केव्हा थांबावे, किती थांबावे आणि का थांबावे, या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात विसाव्या शतकाची चाळीस-पन्नास वर्षे खर्ची पडली आहेत. त्या शोधाचा इतिहास वाचकांपुढे थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे.

या इतिहासाचा एक धागा आपल्या बेळगावातून जातो. १९१९ च्या सुमारास पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा भरल्या होत्या. अध्यक्षस्थानी दोराबजी टाटा होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांची वेळ त्यांनी पाहिली आणि ती युरोपातील धावपटूंच्या वेळेपासून फार दूर नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचे छोटे पथक गेले. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. २२ ऑगस्ट १९२० रोजी ते मॅरेथॉन धावले. त्या वर्षी हे अंतर नेहमीपेक्षा अधिक, म्हणजे ४२.७५ किलोमीटर होते. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत एकोणिसावे आले. पहिला आलेला फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन त्यांच्या सुमारे अठरा मिनिटे पुढे होता.

ही अठरा मिनिटे कशाची होती? अंगातल्या बळाची खचित नव्हे. परक्या मुलखात, परक्या हवेत आपला माणूस जगातल्या निवडक धावपटूंत एकोणिसावा येतो, त्याअर्थी बळ आणि जिद्द यांची वाण नव्हती. वाण होती ती पद्धतीची. फिनलंडमध्ये त्या काळीच सराव हा विचाराचा विषय होऊ लागला होता. कोलेहमाइनेननंतर आलेला पावो नुर्मी हातात घड्याळ घेऊन धावत असे आणि लांब चालण्या-धावण्याच्या जोडीला ठरावीक अंतराचे वेगवान तुकडे सरावात घालीत असे. अंतराचे तुकडे पाडणे आणि त्या तुकड्यांच्या मध्ये श्वास घेणे, ही पुढच्या सगळ्या शास्त्राची पहिली पायरी होय.

दुसरी पायरी स्वीडनमध्ये चढली गेली. १९३० च्या दशकात गोस्टा होल्मेर या प्रशिक्षकाने ‘फार्टलेक’ नावाची रीत रूढ केली. या शब्दाचा अर्थ ‘वेगाचा खेळ’ असा आहे. धावपट्टी सोडून पाइन वृक्षांच्या रानात जायचे, मन म्हणेल तेथे वेग वाढवायचा, चढ आला की जोर लावायचा, उतारावर सैल सुटायचे. यात घड्याळ नाही आणि शिट्टीही नाही. या रानवाटांवर तयार झालेला गुंडर हेग १९४२ साली पाच हजार मीटर १३ मिनिटे ५८.२ सेकंदांत धावला. हे अंतर चौदा मिनिटांच्या आत धावणारा तो पहिला पुरुष.

तिसरी पायरी जर्मनीत, फ्रायबुर्ग येथे. वोल्डेमार गेर्शलर हा प्रशिक्षक आणि हान्स राइंडेल हा हृदयरोगाचा वैद्य यांनी मिळून नाडीच्या ठोक्यांवरून सराव आखला. धावपटूने शंभर-दोनशे मीटरचा तुकडा असा धावावा की नाडी मिनिटाला सुमारे १८० पर्यंत जावी. मग त्याने थांबावे. दीड मिनिटाच्या आत नाडी १२० च्या आसपास उतरली तर पुढचा तुकडा धावावा. ती उतरली नाही तर वेग अधिक झाला किंवा दिवसाचे काम संपले, असे समजावे. या पद्धतीला ‘इंटरव्हल’ हे नाव पडले, ते नीट ध्यानात घेण्याजोगे आहे. इंटरव्हल म्हणजे धाव नव्हे, तर दोन धावांमधली फट. हृदयाला खरे बळ धावताना येत नसून धावल्यावर लगेच येणाऱ्या विश्रांतीत येते, असा या दोघांचा सिद्धान्त होता. पुढील संशोधनाने तो जसाच्या तसा मान्य केलेला नाही. परंतु विश्रांती मोजून घ्यावी, ती सरावाचाच भाग मानावी, ही दृष्टी त्यांनी दिली आणि ती टिकली. गेर्शलरचा शिष्य रुडोल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये मिलानला आठशे मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून जो विक्रम केला, तो सोळा वर्षे कोणाला मोडता आला नाही. विक्रम टिकला, विक्रमवीर मात्र १९४४ मध्ये महायुद्धात कामी आला.

आता या कथेच्या नायकाकडे वळू. एमिल झाटोपेक हा चेकोस्लोव्हाकियातील कोप्रिव्हनित्से गावचा. जन्म १९ सप्टेंबर १९२२. घरची गरिबी, म्हणून कोवळ्या वयात झ्लिन येथील बाटाच्या जोड्यांच्या कारखान्यात कामाला लागला. १९४१ साली कारखान्याने शर्यत ठेवली आणि त्याला नाव घालावयास भाग पाडले. त्याची मुळीच इच्छा नव्हती, तरी तो दुसरा आला. तेथून त्याला धावण्याचे वेड लागले. नुर्मीच्या वेगवान तुकड्यांविषयी त्याच्या वाचनात आले, तेव्हा त्याने सरळ हिशेब केला. सावकाश कसे धावावे हे आपल्याला येतेच, शिकायचे आहे ते वेगाने धावणे. आणि वेगाने फार लांब धावता येत नाही, म्हणून वेगाचे छोटे तुकडे पुष्कळ वेळा धावावे. नुर्मी चार तुकडे धावत असेल तर आपण वीस का धावू नयेत?

महायुद्ध संपल्यावर तो सैन्यात दाखल झाला आणि तेथे त्याचा सराव वाढत गेला. प्रथम दोनशे मीटरचे पाच तुकडे, मग चारशेचे वीस, शेवटी पुन्हा दोनशेचे पाच, अशी त्याची रीत होती. प्रत्येक तुकड्यानंतर तो दोनशे मीटर अंतर हलक्या पायांनी जाई. त्याची उसंत बसून किंवा उभ्याने घेतलेली नसे, चालती-धावती असे. पुढे चारशेचे वीस तुकडे चाळीस झाले. म्हणजे सोळा किलोमीटर वेगाने आणि आठ किलोमीटर हलके, एकूण चोवीस किलोमीटर. हिवाळ्यात तो जड लष्करी बूट घालून बर्फातून धावे. पळताना त्याची मान एका बाजूला कललेली, चेहरा वेदनेने पिळवटलेला, हात वेडेवाकडे. पाहणाऱ्याला वाटे, हा आता कोसळणार. प्रत्यक्षात बाकीचे मागे पडत आणि हा पुढे निघून जाई. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरचे सुवर्ण त्याने जिंकले आणि पाच हजारात थोडक्यात दुसरा आला.

मग १९५२ साल उजाडले. हेलसिंकीत २० जुलैला त्याने दहा हजार मीटर जिंकली. २४ जुलैला पाच हजार मीटर जिंकली. त्याच दुपारी त्याची पत्नी डाना हिने भालाफेकीत सुवर्णपदक मिळविले. योगायोग असा की नवरा-बायकोची जन्मतारीख एकच. २७ जुलैला तो आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावला. इंग्लंडचा जिम पीटर्स हा तेव्हा या शर्यतीत जगात सर्वांत वेगवान होता. झाटोपेकने धावता-धावता त्याला विचारले, आपला वेग ठीक आहे ना? पीटर्सने थापच मारली की वेग फारच कमी आहे. झाटोपेकने ते खरे मानले आणि तो पुढे निघून गेला. पीटर्स पुढे शर्यत सोडून बसला. झाटोपेक २ तास २३ मिनिटे ३.२ सेकंदांत एकटाच मैदानात शिरला. आठ दिवसांत तीन सुवर्णपदके आणि तिन्ही ऑलिंपिक विक्रम. हा पराक्रम त्यानंतर कोणालाही साधलेला नाही.

पण हेलसिंकीतील ते आठवडे केवळ झाटोपेकचे नव्हते. तेथे आणखी दोन माणसे होती आणि त्यांची कथा सांगितल्याशिवाय उसंतीचा अर्थ पुरता उलगडत नाही.

पहिला रॉजर बॅनिस्टर. हा लंडनचा वैद्यकाचा विद्यार्थी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत जेमतेम अर्धा-पाऊण तास सराव करणारा. पंधराशे मीटरचे पदक त्याचेच, असे इंग्रज वृत्तपत्रांनी धरून ठेवले होते. ऐन वेळी आयोजकांनी एक उपान्त्य फेरी वाढविली. त्यामुळे लागोपाठ तीन दिवस धावणे आले. थोड्या सरावावर उभ्या असलेल्या शरीराला तेवढी झीज एका रात्रीत भरून काढता येईना. तो चौथा आला. सुवर्णपदक लक्झेंबर्गच्या जोसी बार्थेलने नेले. त्याचे नाव कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. पण तो गेर्शलरचा शिष्य होता. नाडी खाली कशी उतरवावी, हेच तो शिकला होता.

दुसरे आपले खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून त्यांना हेलसिंकीला धाडले, ही हकीकत कोल्हापुरात आजही सांगितली जाते. २३ जुलै १९५२ रोजी, म्हणजे झाटोपेकच्या दोन शर्यतींच्या मधल्या दिवसांत, बँटमवेट कुस्तीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एका दीर्घ आणि दमछाक करणाऱ्या लढतीनंतर त्यांना लगोलग सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हपुढे उभे करण्यात आले. नियमाप्रमाणे मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती, पण त्यांची बाजू मांडणारा एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. ते ती लढत हरले. विश्रांती मिळती तर पदकाचा रंग बदलला असता, असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु सरकारी नोकरीत हयात घालविलेल्या माणसाला ही हकीकत अधिक बोचते. कारण येथे उणे पडला तो पहिलवान नव्हे, हातात नियमाचे पुस्तक घेऊन ‘याचा अर्धा तास द्या’ एवढे म्हणणारा एक माणूस उणा पडला.

एकाच गावी, एकाच आठवड्यात घडलेल्या या तीन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्या. झाटोपेकला चार आणि तीन दिवसांची उसंत पुरली, कारण हजारो तुकड्यांच्या मध्ये श्वास सावरण्याची सवय त्याच्या शरीराला वर्षानुवर्षे लागलेली होती. बॅनिस्टरला एका रात्रीची उसंत पुरली नाही, कारण त्याचा पाया अरुंद होता. खाशाबांना तर ती मिळालीच नाही. म्हणजे उसंत ही कमवावीही लागते आणि हक्काने मागावीही लागते. कमावण्याचे काम खेळाडूचे. मागण्याचे काम त्याच्या मागे उभ्या राहणाऱ्यांचे.

बॅनिस्टर हा धडा विसरला नाही. १९५३-५४ च्या हिवाळ्यात त्याने दहा वेळा ४४० यार्ड आणि मध्ये दोन मिनिटे विश्रांती, असा सराव मांडला. प्रत्येक फेरीची वेळ ६६ सेकंदांवरून ६१ वर आली आणि तेथे अडकली. काही केल्या ६० सेकंदांची रेषा ओलांडता येईना. तेव्हा तो सराव सोडून मित्राबरोबर तीन-चार दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत कडे चढावयास निघून गेला. परत आल्यावर दहाही फेऱ्या ५९ सेकंदांत झाल्या. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर तो एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत धावला आणि चार मिनिटांची भिंत कोसळली. त्याच महिन्याच्या अखेरीस झाटोपेकने हेगचा पाच हजार मीटरचा विक्रम मोडला आणि १ जूनला दहा हजार मीटर २८ मिनिटे ५४.२ सेकंदांत धावून एकोणतीस मिनिटांची मर्यादाही ओलांडली.

येथे कथा संपती तर ‘जितके तुकडे अधिक तितका विक्रम मोठा’ असा चुकीचा निष्कर्ष निघाला असता. झाटोपेकची नक्कल करणारे पुष्कळ झाले आणि त्यांतले बरेच मोडून पडले. मग न्यूझीलंडमधून उलट स्वर निघाला. ऑकलंडचा आर्थर लिडियार्ड हा जोड्यांच्याच कारखान्यात काम करणारा प्रशिक्षक. त्याने आपल्या शिष्यांना आधी कित्येक आठवडे, आठवड्याला शंभर मैलांपर्यंत, बेताच्या वेगाने धावावयास लावले. वेगवान तुकडे फक्त शर्यतीच्या अलीकडच्या काही आठवड्यांत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पीटर स्नेल आठशे मीटरमध्ये आणि मरे हालबर्ग पाच हजारात एकाच दुपारी सुवर्णपदक जिंकून गेले. दोघेही लिडियार्डचे शिष्य, एकाच उपनगराच्या रस्त्यांवर घडलेले. आज अव्वल धावपटूंच्या सरावाचा सुमारे चार पंचमांश भाग हलक्या धावण्याचा असतो आणि उरलेल्यात वेगाचे तुकडे येतात. लिडियार्ड आणि गेर्शलर यांच्यात अखेर असा समझोता झाला आहे.

झाटोपेकच्या उत्तरायुष्याविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. १९६८ मध्ये प्रागमध्ये सुधारणेचे वारे वाहू लागले तेव्हा त्याने उघडपणे त्या बाजूने सही केली. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे आले. त्याला पक्षातून आणि सैन्यातून काढण्यात आले, आणि पुढची काही वर्षे राजधानीपासून दूर, भूगर्भ तपासणाऱ्या तुकड्यांबरोबर खणण्या-उपसण्याची कामे करीत तो गाडीवजा खोपटात राहिला. ही सक्तीची उसंत कोणत्याही सरावाची नव्हती. त्यापूर्वी, १९६६ मध्ये, ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क त्याला भेटावयास आला होता. क्लार्कने विक्रम पुष्कळ केले, पण ऑलिंपिकचे सुवर्ण त्याच्या नशिबी आले नाही. निरोप देताना झाटोपेकने त्याच्या हाती एक पुडके ठेवले. क्लार्कने ते नंतर उघडून पाहिले, तर आत १९५२ चे सुवर्णपदक होते. नोव्हेंबर २००० मध्ये झाटोपेक वारला. त्याचे आकडे इतरांनी केव्हाच मागे टाकले आहेत. हे पुडके मात्र कोणाला मागे टाकता येणार नाही.

विचार करता असे वाटते की, फ्रायबुर्गच्या वैद्याने नाडी मोजून जे सिद्ध करू पाहिले, ते आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक होते. मराठीत ‘दम’ म्हणजे श्वास, ‘दम’ म्हणजे ताकद आणि ‘दम’ म्हणजे धीरही. दम लागतो, दम खावा लागतो, दम धरावा लागतो आणि या सगळ्यांतून दमसास वाढतो. तालमीतला वस्ताद जोर-बैठकांच्या फेऱ्यांमध्ये दम खावयास लावतो. नांगराचा बैल तासाच्या टोकाला क्षणभर उभा करणारा शेतकरीही तेच जाणतो. शब्दात साठलेले हे शहाणपण आपल्या मैदानांपर्यंत मात्र पोहोचले नाही. अविनाश साबळे हा बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा मुलगा २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ११.२० सेकंदांत धावून रौप्यपदक मिळवितो, तेव्हा पद्धतशीर सराव मिळाला की आपल्या मातीतली मुले कोठवर जातात हे दिसते. चौगुल्यांची अठरा मिनिटे भरून निघू शकतात. पण त्यासाठी कोणीतरी मैदानाच्या कडेला घड्याळ घेऊन उभे राहावे लागते.

हे सगळे वाचून-आठवून झाल्यावर आम्ही त्या मुलाशी पुन्हा बोललो. झाडाखालच्या कट्ट्यावर बसून हिशेब मांडला. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत धावायचे म्हणजे चारशेची एक फेरी साडेब्याऐंशी सेकंदांत. तेव्हा आठवड्यातून दोनच दिवस चारशेच्या सहा फेऱ्या ब्याऐंशी सेकंदांत धावाव्या, प्रत्येकीनंतर दोन मिनिटे हळूहळू चालावे. उरलेल्या दिवसांत बोलता येईल इतक्याच वेगाने लांब धावावे, आणि एक दिवस काहीच करू नये. त्याचा विश्वास बसला नाही. काहीच न करण्याचा दिवस त्याला विशेष संशयास्पद वाटला. तरी वय उलटून जाण्यापूर्वीची त्याची ही शेवटची भरती असल्याने त्याने ऐकून पाहावयाचे ठरविले.

आता आम्ही फिरणे जरा लवकर आटोपतो आणि त्या मैदानाच्या कडेला घड्याळ घेऊन उभे राहतो. सुरुवातीला एकटाच होता, आता चौघे येतात. दोन मिनिटे पुरी होण्याआधी कोणी निघू लागला की आम्ही हात आडवा करतो. भरतीचा निकाल काय लागेल तो लागो. ‘काका, किती राहिले?’ असे ते विचारतात. ‘अजून तीस सेकंद आहेत, दम खा,’ असे आम्ही सांगतो.